चवीचे गुण

“वहिनी, माया कॉलेजच्या लॅबमध्ये रांधते, पण चमचासुद्धा तोंडात घालत नाही. जरा बघा तिच्याकडे,” व्हायोलाने जिन्यात थांबवून सांगितलं, तेव्हा नम्रता चक्क हसली होती. व्हायोला म्हणजे मायाची वर्गमैत्रीण, प्रभादेवीची, तोंडाने फटकळ.

“अगं, ती आहारशास्त्रात एम.एस्सी. करतेय. कसं खायचं ते आता मी शिकवू तिला?” असं म्हणून नम्रता कडेवरच्या श्रेयाला सावरत वर निघून आली.

डिलाईल रोडच्या त्या चाळीत मायाचं कौतुक फार. नम्रताची ही धाकटी नणंद आता मोठ्या इस्पितळात डाएटिशियन होणार, पांढरा कोट घालणार. कॉलेजात त्यांना कधी मधुमेह्याचं, कधी किडनीच्या पेशंटचं जेवण रांधावं लागे. मग ते चाखणाऱ्यांनी रंगाला, वासाला, चवीला गुण द्यायचे. मायाने ही रीत घरातच आणली. संध्याकाळी वाट्या मांडल्या जात आणि सगळं घर परीक्षक होऊन बसे.

“बाय, मीठ संपावर गेलंय काय?” सासरे शामराव विचारत.

“आप्पा, तुम्ही बीपीचे पेशंट आहात असं समजा.”

“समजायचं काय त्यात? आहेच मी!”

सासूबाई, मीराबाई, काहीही चाखलं तरी पैकीच्या पैकी देत. माया समोर गुडघे पोटाशी घेऊन बसे आणि एकेकाच्या तोंडाकडे टक लावून पाही. “मऊ झालंय ना? दाताला लागतंय?” घरात एवढे डोळे, पण सगळे वाटीवर. रांधणारी काय खाते, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

नम्रताचा जीव तर श्रेयाच्या वजनात अडकलेला. पोर खात नव्हती, अंगाला काही लागत नव्हतं. मायाने तिला नाचणीची खीर लावली, डाळीची धिरडी शिकवली, आणि लेकरू हळूहळू अंग धरू लागलं. ही आहे म्हणून माझी पोर वाढतेय, असं नम्रता शेजारणींना सांगे.

आषाढी पौर्णिमेपासूनचा तीन महिन्यांचा वर्षावास लागला. मीराबाई पौर्णिमेला उपोसथ धरत, म्हणजे दुपार टळली की जेवण बंद. माया तो रोज धरू लागली. “पोरगी शिकली तरी धम्म विसरली नाही,” मीराबाई कौतुकाने सांगत सुटल्या. दुपारी माया कॉलेजात. तिथे ती जेवते, असं घर धरून चाललं होतं.

मग एका रविवारी श्रेयाने ताट पुढे सारलं. वरणभात कालवून तिने आईपुढे धरला. “मऊ झालंय?”

“तू खा ना, बाळा.”

“मी नाही. मी बघणार. आत्या कुठे खाते?”

नम्रताने मान वळवली. बाहेर गॅलरीत नळाशी माया वाकून कपडे पिळत होती. ओला कुडता पाठीला चिकटला होता आणि मणका न् मणका दिसत होता. हे आजचं नव्हतं. आपण बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी नम्रताने ताट वाढलं: भाताचा डोंगर, आमटी, मटण, वर तुपातला शिरा. माया त्या ताटाकडे पाहत राहिली.

“वहिनी, एकदम नको गं. मी चुकले, खाईन मी. पण एवढे दिवस उपाशी माणूस एकदम जेवला की रक्तातले क्षार कोसळतात, हृदयाला झेपत नाही. आधी डॉक्टरकडे ने मला.”

“पुरे झालं तुझं पुस्तक! खायचं नाही म्हणून बहाणे सगळे!”

“बहाणा नाही गं...”

“मग खा.” नम्रताने श्रेयाला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. “तू जेवल्याशिवाय हिलाही घास नाही देणार मी.”

श्रेया रडायला लागली. मीराबाई पदर तोंडाला लावून बसल्या. मायाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि जेवायला सुरुवात केली. ताट स्वच्छ केलं. दुसऱ्या दिवशीही घराने तिला भरभरून वाढलं. नम्रता शेजारी ठाण मांडून बसली, समाधानाने घास मोजत. मायाच्या पावलांवर सूज चढली, तर मीराबाई म्हणाल्या, “बघ, अंग धरायला लागलं.”

मग माया नळाशीच कोसळली.

परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “इतक्या उपासानंतर एकदम खायला घातलंत?” पुढे त्यांनी जे सांगितलं, ते सगळं नम्रताने आधीच ऐकलेलं होतं. क्षारही, हृदयही. मॉनिटरवरची रेघ कधी धावे, कधी अडखळे. पहाटे ती रेघ सरळ झाली. माया गेली.

व्हायोला आली, नम्रताच्या शेजारी बाकावर बसली. ती बोलली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं असं नम्रताला वाटलं.

तुमच्याही घरात अशी कुणी असेल. सगळ्यांना वाढणारी, कशात किती ताकद ते सांगणारी, आपलं ताट मात्र ‘नंतर’ घेणारी. आज उठा आणि तिच्याकडे बघा. ताटाकडे नव्हे, तिच्याकडे. मनगट हातात घ्या. आणि ती म्हणाली ‘एकदम नको, आधी डॉक्टरकडे ने,’ तर वाद घालू नका. चपला घाला आणि तिला घेऊन निघा.