फळ्यांच्या भिंतीपलीकडची पेटी

मराठी कथेचा इतिहास जेव्हा केव्हा नीट लिहिला जाईल, तेव्हा अंधेरीतल्या एका चाळीच्या खोली नंबर अकराला त्यात स्वतंत्र प्रकरण मिळेल, याबद्दल नंदकिशोर कर्णिकांना तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती कथेच्या दुसऱ्या वाक्याबद्दल. पहिलं लिहून साडेतीन महिने झाले होते.

साल छप्पन्न. कर्णिकांच्या तीन कथा एकाच दिवाळी अंकाच्या संपादकांनी साभार परत केल्या होत्या. तिसरीबरोबर एक ओळ आली होती: 'भाषा भारदस्त, पण माणसं बोलत नाहीत.' तेव्हापासून कर्णिकांना स्वतःचं प्रत्येक वाक्य शिळ्या भातासारखं वाटू लागलं. पत्नी मृणालिनीबाईंशी त्यांचा करार झाला होता. चौथी कथाही परत आली तर लिहिणं बंद, आणि खिडकीतलं टेबल मुलीच्या, म्हणजे शुभाच्या, शिवणयंत्राला. शुभा येताजाता टेबलाची लांबी वितीने मोजून जाई.

कर्णिकांना लिहिता लिहिता मोठ्यांदा वाचायची सवय. ऑफिसातून येऊन चहा झाला की ते टेबलाशी बसत, आणि नेमका त्याच वेळी फळ्यांच्या भिंतीपलीकडे लवू परब पेटी उघडून वाजवायला बसे. परब कोकणातला, एका फिल्म स्टुडिओत सुतार. शेजारी राहायला येऊन त्याला दोन महिने झाले होते.

एका संध्याकाळी कर्णिकांनी दुसरं वाक्य जमवलं: 'तिच्या नयनकमलांत विरहाची कृष्णमेघमाला दाटून आली.' वाचलं, तोच पलीकडची पेटी थांबली. त्यांनी वाक्य खोडलं. थोड्या वेळाने पेटी पुन्हा सुरू. त्यांनी 'अंतःकरणाच्या गाभाऱ्यात' एवढंच म्हटलं. पेटी गप्प.

कर्णिकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणूस स्टुडिओत कामाला. तिथे कथा लागतात. हा चोरून ऐकतोय. त्या दिवसापासून ते वही तांदळाच्या डब्यात ठेवू लागले. मृणालिनीबाई म्हणाल्या, "साडेतीन महिन्यांत एक वाक्य झालंय. चोर इतका वेळ थांबेल का?"

हे त्यांना पटलं, पण संशय गेला नाही; त्याने फक्त पत्ता बदलला. चोराला आवडनिवड कशाला असेल? हा परीक्षक आहे. संपादकांनीच नेमलेला असणार.

खात्री करायला त्यांनी जिन्यातली घरमालकाची सूचना उतरवून आणली आणि खड्या आवाजात वाचली: "नळ सकाळी पाच ते सहा. बादल्या जिन्यात ठेवू नयेत. ठेवल्यास भय्या उचलून नेईल, मग आमच्याकडे येऊ नये."

पेटी थांबली तर नाहीच, उलट अशी काही रंगली की 'भय्या उचलून नेईल' या जागी परबाने एक सुरेख हरकत घेतली.

कर्णिकांना रात्रभर झोप लागली नाही. घरमालक आपल्यापेक्षा बरा लेखक निघावा, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिडून, निव्वळ त्या हेराची खोड मोडायची म्हणून, नायिकेच्या तोंडी घातलं: "जायचंय तर जा. छत्री ठेवून जा, ती माझ्या बाबांची आहे." पेटी थांबली नाही. नायक म्हणाला, "भिजू का मग?" पेटी धावत त्याच्या मागे गेली. मग कर्णिकही थांबले नाहीत. जिथे पेटी अडे तिथे ते खोडत आणि पुन्हा वाचत. अठरा दिवसांत कथा पुरी झाली. टपालात टाकताना, आयुष्यात पहिल्यांदाच, पाकीट टपालपेटीच्या तोंडातून परत ओढून घ्यावंसं त्यांना वाटलं नाही.

महिन्याने कार्ड आलं: 'कथा स्वीकारली आहे. या वेळी माणसं बोलतात.'

दुसरा कोणी असता तर त्याने पेढे आणले असते. कर्णिक कार्ड पुराव्यासारखं हातात धरून परबाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "परब, खरं सांगा. तुम्हाला कोणी नेमलंय?"

परबाने त्यांना आधी पाट दिला, बायकोला, रुक्मिणीला, चहा टाकायला सांगितलं आणि कार्ड उलटसुलट करून परत केलं. त्याला वाचता येत नव्हतं. गावी तो बारा वर्षं दशावताराच्या कंपनीत पेटीवर होता. त्या नाटकात संवाद लिहिलेले नसतात. राजा मनाने बोलतो आणि पेटी त्याच्या मागोमाग जाते; राक्षस आला की तिला ऊत येतो.

"मगे थांबायचात कित्याक?" कर्णिकांनी नकळत त्याच्याच सुरात विचारलं.

"राजा अडाकलो काय पेटी थांबता," परब म्हणाला. "त्येका सावरूक येळ देवक होयो मां. माका वाटला, तुमी अडाकलात."

कर्णिकांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. नयनकमलं, कृष्णमेघमाला, तीन परत आलेल्या कथा. अडकले होते खरेच. आणि आता अडकत नव्हते, हेही खरंच. त्याला कोणाच्या नेमणुकीची गरज नव्हती. खिडकीतलं टेबल आपलंच आहे, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. उठताना त्यांनी परबाला सांगून टाकलं की पुढची कथा याहून मोठी होणार, कदाचित कादंबरीच.

परबाने मान डोलावली. मग दारापर्यंत येऊन, जरा संकोचाने म्हणाला, "कर्णिकानू, एक मागणा आसा. तेच्यात एखादो राक्षस घाला. छत्रीवर वाजवून वाजवून हात आखाडलो."