दिव्या इथीच येईन

सिंदेवाहीजवळच्या तलावावर मासेमारी करणाऱ्या इस्तारी आणि कुंताच्या घरी लग्नाच्या सोळाव्या वर्षी लेक आली, ती अकरा वर्षांची. रीना. आईबाप गेल्यावर गडचिरोलीच्या जंगलातल्या गावातून चंद्रपूरच्या बालगृहात पोचलेली. दत्तकाचे कागद पक्के व्हायचे होते.

कुंता तिला झिंग्यांचा रस्सा करून घाली, वेणी घालून देई. रीना पाहुण्यासारखी सगळं मुकाट्यानं करून घ्यायची आणि कुंताला "बाई" म्हणायची.

एका दुपारी ती शाळेतून परस्पर एसटीनं चंद्रपूरला निघून गेली. इस्तारीनं तिला परत आणलं. पंधरा दिवसांनी ती पुन्हा गेली, तेव्हा कुंता धावली. रीना बालगृहाच्या पायरीवर बसली होती.

"काऊन पळतं वं पोरी? आमी मारतो का तुले?"

"नाई."

"मंग?"

"दिव्या इथीच येईन. मी नाई दिसली त कुठी पाहीन ते मले?"

दिव्या तिची धाकटी बहीण. दोघींना मिळून नेणारं कोणी भेटलं नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी एका कुटुंबानं एकट्या दिव्याला दत्तक घेतलं. "सुट्टीत येईल हं," असं तेव्हा कोणीतरी रीनाला म्हणालं होतं.

कुंतानं आत जाऊन बालगृहाच्या ताईंना दिव्याबद्दल विचारलं. नियमानं पत्ता सांगता येत नव्हता, आणि दिव्या परत येणार नव्हती.

"हे पोरीले सांगितलं का कोनी?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली.

'दिव्याले घरीच बोलावू' एवढं म्हटलं असतं, तर रीना लगेच उठून आली असती. कुंता बाहेर येऊन तिच्याजवळ टेकली. "दिव्या नाई येनार, माय. तिले दुसरं घर भेटलं."

"तुमाले मले न्याचं हाये, मनून खोटं सांगून राह्यल्या."

पुढे बालकल्याण समितीच्या मॅडमनी रीनाला यांच्या घरी राहशील का, असं विचारलं, तेव्हा ती स्पष्ट "नाई" म्हणाली. आणखी थोडे दिवस बघू या का, असं त्यांनी कुंताला विचारलं. इस्तारी आशेनं बायकोकडे बघत होता.

"तिचंच ऐका," कुंता म्हणाली.

रीना बालगृहातच राहिली, आणि कुंता दर महिन्याला तिला भेटायला जायची. तीन वेळा रीना बाहेरच आली नाही. चौथ्यांदा आली.

"बाई, दुसऱ्या घरी दिव्याचं आता नाव काय हाये?"

कुंताला ते ठाऊक नव्हतं. रीना पहिल्यांदाच रडली, अगदी लहान पोरीसारखी. कुंतानं जवळ घेतलं, तर तिनं घेऊ दिलं. मग डोळे पुसून ती आत गेली, आणि कुंता एकटीच सिंदेवाहीच्या गाडीत बसली.