पंधरा दिवस पुरणारा पट्टा

हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या शिंपीकाकांच्या मनगटावर लेकीने पट्टा बांधला होता. "बाबा, तुमचा प्रत्येक ठोका मला फोनवर दिसेल," या तिच्या शब्दावर काका एकटे असूनही निर्धास्त होते.

आज मशीनवर बसल्या बसल्या छाती धडधडू लागली. लेकीच्या फोनची वाट पाहून शेवटी त्यांनीच फोन केला.

"दिसलं नाही का गं तुला?"

"काय दिसायचंय? पट्ट्याचं ठोके मोजणं मी महिन्यापूर्वीच बंद केलं, बाबा. त्याने बॅटरी लगेच संपायची. दर दोन दिवसांनी चार्जिंगची आठवण कोण करत बसणार? आता बॅटरी पंधरा दिवस पुरते. पावलं मोजतोय की तो!"

"दिवसभर बसून शिवणाऱ्याची पावलं?"

काकांनी फोन ठेवला आणि शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली, "अरे, जरा माझ्यापाशी येऊन बस रे."