त्रेचाळिसावं पान

टेबलावर पाच वस्तू होत्या: पुस्तक, पेन्सिल, कोरा कागद, स्टॉपवॉच आणि पाण्याचा पेला. वडिलांनी पेला दूर सरकवला, पुस्तक टेबलाच्या कडेला समांतर केलं आणि त्रेचाळिसावं पान काढलं. काढायचं तरी काय, पुस्तक आता आपणहून तिथेच उघडायचं.

"बस, चिमणे."

चिमणी खुर्चीत बसली आणि पाय खालच्या दांडीत अडकवून घेतले. नऊ वर्षांची पोर, पण या खुर्चीत ती दवाखान्यात बसावी तशी बसायची.

वजनकाटे तपासणं हे वडिलांचं काम. दुकानांतले, दवाखान्यांतले काटे कार्यशाळेत यायचे. त्यांच्यावर प्रमाणित वजनं ठेवून कुठला काटा खोटं बोलतो ते वडील पाहायचे. ती वजनं हातानं उचलायची नाहीत, चिमट्यानंच. बोटांचा घामसुद्धा वजनात भर घालतो. जुन्या, बाद झालेल्या वजनांची एक पेटी आणि एक छोटा काटा घरी होता. पूर्वी संध्याकाळी बापलेकीचा खेळ रंगायचा. चिमणी डोळे मिटून तळहात पुढे करायची. वडील त्यावर कधी किल्ली ठेवत, कधी कांदा, कधी दोन वजनं.

"किती वाटतं?"

ती हात जरासा वरखाली करून आकडा सांगायची आणि काटा बहुतेक वेळा तिचीच री ओढायचा.

"काट्यापेक्षा तूच बरी," वडील म्हणायचे. "तेलपाणी लागत नाही."

"पण खाऊ लागतो," ती म्हणायची.

मग शाळेतून बोलावणं आलं. अक्षरं काही केल्या तिच्या हाती लागत नव्हती. तपासणी झाली, डिसलेक्सिया आहे असं कळलं. मुलगी हुशार आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी रोज थोडं वाचून घ्या, पण तिला मजा वाटेल असं. वडिलांनी त्यातलं 'रोज' तेवढं उचललं. वर्षअखेरच्या चाचणीत मिनिटाला चाळीस शब्द आले नाहीत, तर शाळा तिला ठेवून घेणार नव्हती. पेटी कपाटावर गेली आणि भिंतीवर आलेखाचा कागद आला. पहिला ठिपका सातावर होता.

उतारा रोज तोच, एका नावाड्याचा. आधी वडील स्वतः वाचून दाखवायचे, मग ती. बरोबर वाचलेल्या प्रत्येक शब्दाला कोऱ्या कागदावर एक रेघ.

"एखादं दुसरं पान घ्या की," आई एकदा म्हणाली होती. "मलासुद्धा तो नावाडी नकोसा झालाय."

"काटा तपासताना वजन बदलून चालत नाही. मोजायचं कशाशी मग?"

"ती पोरगी आहे हो. दुकानदाराचा काटा नाही."

वडिलांनी आलेखाकडे नुसतं बोट दाखवलं होतं. ठिपके जिना चढावेत तसे चढत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आज सकाळीच त्यांनी शाळेच्या विशेष शिक्षिकेला फोन करून कळवलं होतं, की शिकवणीची राखून ठेवलेली जागा आम्हाला नको, घरच्या घरी छान चाललंय.

स्टॉपवॉचची कळ दाबली गेली.

चिमणी वाचू लागली. बोट ओळीखालून सरकत होतं, आवाज एकसुरी पण अडखळ नव्हती. नावाड्यानं दोर सोडला. नाव पाण्यात ढकलली. वडिलांची पेन्सिल रेघांमागून रेघा ओढत होती. पान संपत आलं. शेवटचं वाक्य अर्धं या पानावर होतं आणि अर्धं पलीकडच्या.

तिचं बोट पानाच्या तळाशी पोचलं आणि थांबलं. आवाज थांबला नाही.

चार शब्द पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं घाईघाईनं पान उलटलं, बोट पहिल्या ओळीवर टेकवलं आणि त्याच सुरात पुढे चालू लागली.

मिनिट झालं. वडिलांनी रेघा मोजल्या नाहीत.

"बाबा, किती?"

ते उठून बाहेरच्या खोलीत गेले. फोनवर त्यांचा आवाज आधी नेहमीसारखा होता, मग बारीक झाला. "नाही, सकाळी मीच... हो, मीच म्हणालो होतो." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. "दुपारीच दिली दुसऱ्याला? बरं. म्हणजे आता पुढच्या वर्षी."

दारात पदराला हात पुसत आई उभी होती.

वडील परत येऊन बसले. पुस्तक त्रेचाळिसाव्या पानावर उघडायला बघत होतं. त्यांनी ते अंगठ्यानं दाबून पुढचा एक नवा धडा काढला.

"हे नको ना, बाबा."

"का गं?"

"हे तुम्ही वाचून नाही दाखवलं."

"आणि ते?"

"ते तुम्ही वाचता ना, तसंच वाचते मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

चिमणीनं पाय दांडीतून सोडवले, पुन्हा अडकवले.

"ठिपका वर गेला की तुम्ही शीळ घालता," ती म्हणाली.

वडिलांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. कागद उलटा करून कोरी बाजू वर घेतली.

"वाच. चुकलं तरी चालेल."

ती वाचू लागली. एकेका अक्षरापाशी ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. हाती आलेलं अक्षर मध्येच निसटायचं आणि ती पुन्हा शब्दाच्या सुरुवातीला जायची. एका जोडाक्षरापाशी तिनं श्वास धरला तो सोडलाच नाही. वडिलांची पेन्सिल कागदावर टेकून होती. मिनिट भरलं तेव्हा दुसरी ओळ अजून लांब होती.

ती भिंतीवरच्या कागदाकडे पाहत होती. वडिलांनी कागदावर हात पालथा ठेवून रेघा झाकल्या.

"किती वाटतं?" त्यांनी विचारलं.

चिमणीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि रिकामा तळहात टेबलावर पुढे केला. हात जरासा खाली गेला, वर आला.

"सात."

वडिलांनी हात उचलला आणि रेघा मोजल्या.

सात.