आवडीचे दोन कागद

मी एक जुना डेटाबेस आहे, मित्रांनो. महाडच्या एका दवाखान्यात, कॉम्प्युटरच्या पोटात राहतो. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा कामाला लागलो, आणि काय माझा तोरा!

इतर डेटाबेस रकाने आखून बसतात. माझं तसं नाही. एका माणसाला एक कागद, आणि त्याचं सगळं त्याच कागदावर. दत्तारामच्या कागदावर विंचू, दुसऱ्या एकीच्या कागदावर बाळाचं वजन. एकाने तर आपली म्हैस लिहायला लावली, शिंगांसकट! मी हूं की चूं केलं नाही. नाव सांगा, डॉक्टरांची शिंक पुरी व्हायच्या आत कागद हजर.

पण माझा एक कागद दुसऱ्याला ओळखत नाही. तिथंच मी शेण खाल्लं.

पोलादपूरची आवडी सोळा वर्षांची असताना आली होती. कारकून ललिताताईंनी तिच्या कागदावर लिहिलं, 'पेनिसिलिन चालत नाही.' पुढे लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव उमटलं, आणि आवडी मालोजीची रेश्मा राजेश झाली.

एका दुपारी नवऱ्याने तिला उचलूनच आणली. कोयता लागून पाय चिघळलेला, तापात बरळत होती.

"रेश्मा राजेश," त्याने नाव सांगितलं. तसा कागदच नव्हता. ललिताताईंनी नवा उघडला.

"कुठलं औषध चालत नाही हिला?" डॉक्टर श्रीधरनी विचारलं.

"मला काय ठावं नाय, डॉक्टर."

"कॉम्प्युटर काय म्हणतो?"

"काहीच नाही," ललिताताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई भरली. आवडीचा कागद माझ्याच पोटात होता. पण त्या नावाने विचारलं नाही, म्हणून मी गप्प.

तेवढ्यात निरोप मिळालेली तिची आई आनंदीबाई एसटीतून उतरून धावत आली. "आवडेऽ! अगो बाय, ती सुई ठेवा खाली, डॉक्टर! मागल्या टायमाला काळीनिळी पडली व्हती माजी पोर!"

ललिताताईंनी घाईने 'आवडी मालोजी' लिहिलं. कागद हजर. डॉक्टरांनी भरलेली सुई बाजूला ठेवली. औषध बदललं, पोरगी वाचली.

राजेश मात्र गावभर सांगत सुटला, कॉम्प्युटरने बायको वाचवली. गोष्ट आंबेनळी घाट चढेपर्यंत मी ती सुई दातांनी मोडली होती!

मित्रांनो, माझा कागद कोरा निघाला, तर 'काही नाही' असं समजू नका. बाईचं माहेरचं नाव विचारा. तिच्या आईला विचारा. मी आपणहून तोंड उघडत नाही.

परवा आनंदीबाई आल्या, माझ्यापुढे नारळ ठेवला. "लई गुणाचा हाय रे बाबा तू," म्हणाल्या. मी नाही, तुम्ही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण तेही मला कोणी विचारलं नाही.