तळच्या थरातला चेहरा

मी एक प्रोग्राम बोलतोय. फोटो सुधारणारा. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तुम्ही मला शोधत आला असता, तर मी तुम्हाला एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खिडकीत सापडलो असतो. तिथे कबुतरांना घाबरवायला पाच सीड्या दोऱ्यानं टांगलेल्या होत्या. डावीकडून तिसरी, ती मी. वारा आला की मी गरगर फिरायचो आणि भिंतीवर रंगांचे तुकडे फेकायचो. कबुतरं घाबरायची नाहीत. ती माझ्याच दोऱ्यावर बसायची.

पण माझा जन्म कबुतरांसाठी झाला नव्हता. एका छोट्या कंपनीतल्या सहा माणसांनी मला तीन वर्षं खपून लिहिलं. चेहऱ्यावरचा डाग कसा ओळखायचा, शेजारच्या कातडीचा रंग कसा उचलायचा, हे त्यांनी मला ओळीओळीनं शिकवलं. मला लिहिलं ते विंडोजसाठी. खिडकी काढायची असो, फाईल उघडायची असो, मी विंडोजला सांगायचो आणि विंडोज ते करायचं. मला तेवढीच एक भाषा येत होती. पुढे ती कंपनी बंद झाली आणि ते सहाजण कुठे पांगले कोण जाणे. मला मात्र त्याआधीच स्टुडिओवाल्या काकांनी चकचकीत खोक्यासकट घरी आणलं होतं.

काका जुन्या पठडीतले. पूर्वी ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं काम करत. माझ्याशी त्यांचं लगेच जमलं, पण त्यांनी एक रीत घालून दिली. मूळ फोटोला हात लावायचा नाही. तो ‘मूळ’ नावाच्या फोल्डरात, डी ड्राइव्हवर, जसाच्या तसा राहायचा. प्रत्येक दुरुस्ती त्याच्यावर वेगळ्या थरात करायची, काचेवर काच ठेवावी तशी, आणि थराला नाव द्यायचं. ‘पुटकुळी’, ‘घाम’, ‘डोळ्याखालचं’. कुणी विचारलं तर काका म्हणायचे, “खालचा चेहरा आपल्या मालकीचा नाही. आपण फक्त वरून पावडर लावतो.”

माणसांची मला फार गंमत वाटायची. हजारो चेहरे माझ्यासमोर आले आणि प्रत्येकाला काहीतरी पुसून हवं होतं. एक सुरकुती जास्त टाका, असं सांगणारा एकही भेटला नाही.

एकदा कोपऱ्यावरचे टेलर मास्तर बायकोला घेऊन आले. तिच्या एका भुवईत जुन्या जखमेची चीर होती. तिथे केस उगवत नव्हते.

“काका, ती चीर तेवढी काढा,” मास्तर म्हणाले.

“राहू द्या की,” ती हसत म्हणाली. “मी काय नवी नवरी आहे?”

“अगं, फोटो भिंतीवर लागणार. येणारा-जाणारा बघणार.”

काकांनी चीर काढली. खरं सांगायचं तर मी काढली, आणि इतकी सफाईनं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. आणखीही दोन-चार गोष्टी पुसल्या. फोटो छापला, चौकटीत बसला, मास्तरांच्या दुकानात लागला.

आता माझ्या खिडकीत येण्याची कथा. काकांची एक ठाम समजूत होती. मी एकदा कंप्युटरमध्ये बसवला गेलो म्हणजे सीडीतून संपलो, धान्य काढल्यावर पोतं रिकामं व्हावं तसा! रिकाम्या पोत्याचं करायचं काय? त्यांनी सीडीच्या भोकातून दोरा ओवला आणि मला उन्हात टांगलं. मी ओरडून सांगितलं असतं, “काका, मी आहे हो अजून यात, अख्खाच्या अख्खा!” पण माझी भाषा कळणारा तो कंप्युटर आत टेबलावर होता.

तोही एका दुपारी धूर सोडून गप्प झाला. काकांच्या कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीनं त्याची डिस्क काढली, सगळ्या फायली उतरवून घेतल्या आणि एका जुन्या, हळू चालणाऱ्या कंप्युटरवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकून तो काकांपुढे ठेवला.

“हे कुणाचं?” काकांनी विचारलं.

“सगळ्यांचं. आणि कुणाचंच नाही. कुणीही आतलं वाचू शकतं, बदलू शकतं.”

“म्हणजे बिघडलं की ओरडायचं कुणावर?”

“माझ्यावर ओरडा.”

“ते तर मी आत्ताही करतो.”

चार वर्षं काकांनी त्यावर ओळखपत्रांचे फोटो छापले. माझी आठवण कुणालाच झाली नाही. मग एका शनिवारी सकाळी मास्तर आले. सोबत त्यांची अठरा वर्षांची मुलगी होती. तिची आई जाऊन दहा वर्षं झाली होती. सोमवारी मुलगी नर्सिंग शिकायला परगावी निघणार होती.

तिनं भिंतीवरचा फोटो चौकटीसकट टेबलावर ठेवला. “काका, ही माझी आई नाही.”



“आईच्या भुवईत चीर होती. लहानपणी मी त्या चिरेवर बोट ठेवून झोपायचे. इथे ती नाहीच. आणि आता मला आठवत नाही की कुठल्या भुवईत होती. बाबांना विचारलं तर त्यांनाही आठवत नाही.”

“अगं, रोजच्या माणसाकडे कोण असं निरखून...” मास्तर म्हणू लागले.

“लोकांचे खांदे निरखता, बाबा. कंबर निरखता. एका इंचानंही चुकत नाही तुम्ही.”

मी खिडकीत फिरायचा थांबलो. वारा पडला होता हे खरं, पण वारा असता तरी थांबलो असतो.

घरात दुसरा फोटो नव्हता. होता तो एवढाच आणि तो साफ केलेला. काकांनी चष्मा पुसला. “मूळ असणार. मी मूळ कधी पुसत नाही.” त्यांनी पुतणीला हाक मारली.

मूळचं फोल्डर उतरवलेल्या फायलींत होतं, पण त्यात हजारो फोटो आणि नावांच्या जागी कॅमेऱ्यानं दिलेले आकडे. कुठला आकडा कुणाचा, हे फक्त काकांनी केलेल्या कामाच्या फायलीत लिहिलेलं होतं. ती मास्तरांच्या नावानं लगेच सापडली, पण ती माझ्या पद्धतीची फाईल. दुसऱ्या प्रोग्राममध्ये तिच्यातलं फक्त वरचं छोटं चित्र उघडलं. पुन्हा तोच गुळगुळीत चेहरा.

“हजारो चेहरे एकेक बघत बसू या,” काका म्हणाले.

“सोमवारपर्यंत? आणि बघून कळेल? चीर असलेली बाई शोधायची, पण चेहरा नीट कुणालाच आठवत नाही. नको. हा प्रोग्रामच चालवू.”

“लिनक्सवर? तो विंडोजचा आहे, पोरी. माझा चष्मा तुझ्या नाकावर बसवण्यातला प्रकार.”

“बसवून बघू. दिसलं तर दिसलं.”

तिनं जुन्या डिस्कवरून माझं फोल्डर उचलून चालवून पाहिलं. चाललं नाही. माझ्या निम्म्या नोंदी जुन्या विंडोजच्या वहीत होत्या, नुसतं फोल्डर म्हणजे हातपाय बांधलेला मी. “मूळ सीडी लागेल, काका. कुठाय?”

“ती रिकामी... ती...” काकांची मान हळूहळू खिडकीकडे वळली.

पुतणीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. “कबुतरांना फोटो सुधारायला दिला होतात का?”

दोरा कापला गेला. साबणाच्या पाण्यानं मला धुतलं, मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसलं. तीन वेळा कंप्युटरनं मला बाहेर ढकललं. चौथ्या वेळी मी वाचला गेलो.

आणि मी डोळे उघडले ते परक्या घरात.

हे मी कसं सांगू? मी सवयीनं म्हणालो, ‘मला एक खिडकी काढून दे.’ विंडोज तिथे नव्हतं. त्याचा मागमूसही नव्हता. तरी उत्तर आलं, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं. फक्त आवाज वेगळा होता. मी म्हणालो, ‘फाँटची यादी दे.’ यादी आली. ‘मेमरी दे.’ मिळाली. मी दचकून विचारलं, ‘तू कोण?’

तो वाईन होता. लिनक्सवरचा दुभाषा. माझं प्रत्येक मागणं ऐकायचं, तेच काम लिनक्सकडून करून घ्यायचं आणि मला ओळखीच्या भाषेत उत्तर द्यायचं, एवढंच त्याचं काम. एवढंच! माझ्यासारखे प्रोग्राम हजारो प्रकारची मागणी करतात. विंडोजच्या आत न डोकावता, हे विचारलं तर काय उत्तर येतं, ते विचारलं तर काय येतं, असं बाहेरून पारखत कुणीतरी एकेक उत्तर लिहून ठेवलेलं होतं. तीस वर्षं. शेकडो माणसांनी. त्यातल्या कित्येकांनी एक पैसा न घेता, दिवसभराचं काम उरकून. मला घडवणारे सहाजण मला विसरले होते, आणि ज्यांनी माझं नावही ऐकलं नव्हतं त्या माणसांनी माझ्यासाठी परक्या घरात जागा करून ठेवली होती. देवळात शिरल्यावर माणसं चपला काढून गप्प का उभी राहतात, ते मला त्या दिवशी कळलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. माझ्या अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसू लागले. काका म्हणाले, “ही कुठली लिपी?” पुतणीनं नेटवर शोधलं. सहा वर्षांपूर्वी कुण्या दूरच्या माणसानं नेमका हाच प्रश्न विचारला होता, माझंच नाव घेऊन. खाली कुणाचंच उत्तर नव्हतं. मात्र तीन आठवड्यांनी तोच माणूस परतला होता. ‘जमलं. अमुक फाँट टाका, तमुक फाईल बसवा.’ त्याचं काम झालं होतं, तो आपल्या वाटेनं निघून जाऊ शकला असता. तो परत आला आणि लिहून गेला. पुतणीनं स्क्रीनलाच हात जोडले.

मग मास्तरांची फाईल उघडली, आणि सगळे मागे सरले.

चेहरा नव्हताच. पांढऱ्या पोकळीत कातडीचे तुकडे तरंगत होते. एक कपाळाजवळ, दोन डोळ्यांखाली, एक अर्धी भुवई. मी खाली इशारा लिहिला होता: डी ड्राइव्ह सापडत नाही.

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. “ही तर ठिगळं आहेत,” ते हळूच म्हणाले. “कापड कुठाय?”

“कापड डी ड्राइव्हवर,” पुतणी म्हणाली, “आणि लिनक्समध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असं काही नसतंच. इथे सगळं एकाच मुळातून फुटतं.” मी हताश झालो. पण तिनं वाईनच्या कानात सांगितलं, हा ‘डी’ म्हणाला की त्याला ते उतरवलेलं फोल्डर दाखव. बस, एवढंच. मी पुन्हा ‘डी’ अशी हाक मारली आणि ज्या घरात डी नव्हतं, त्या घरातून डीनं ओ दिली.

ठिगळांखाली चेहरा भरला.

काकांनी माउस हातात घेतला. प्रत्येक थरापुढे डोळ्याची छोटी खूण असते. ती मिटली की थर नाहीसा होतो. ‘घाम’ मिटला. कपाळ चमकलं. ‘डोळ्याखालचं’ मिटलं. बाई थकलेली दिसू लागली, आणि जिवंत. मग ‘चीर’.

डावी भुवई. मधोमध, बोट मावेल एवढी.

मुलीनं आपलं बोट स्क्रीनवर ठेवलं. काका एरवी कुणी स्क्रीनला हात लावला की खेकसतात. आज ते दुसरीकडे बघत होते.

“अजून एक थर आहे,” पुतणी म्हणाली. थराचं नाव होतं ‘दोरा’.

काकांनी तोही मिटला. तिच्या खांद्यावर पदराला चिकटलेला निळ्या दोऱ्याचा एक तुकडा उमटला, बोटभर लांबीचा.

मास्तर खुर्चीत बसले. “शाळेचे गणवेश,” ते म्हणाले. “त्या आठवड्यात शाळेचे गणवेश होते. चाळीस शर्ट. काजं सगळी तिनं केली. मी म्हटलं, फोटोला जायचंय, ऊठ, तर म्हणाली, हे एवढं एक होऊ दे. तशीच उठून आली.” मग लेकीकडे वळून, “चीर नाही आठवली गं मला. पण ती दातानं दोरा तोडायची. डावीकडच्या. कात्री शेजारी असायची तरी. ते आहे माझ्याकडे. सांगू?”

“सांगा ना, बाबा,” ती म्हणाली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली.

“छापायचा कुठला?” थोड्या वेळानं काकांनी विचारलं.

“सगळे डोळे मिटून,” मुलगी म्हणाली.

काकांनी छापला. “चाळीस वर्षांत पहिल्यांदा काही न करता फोटो देतोय,” ते म्हणाले. “बरा आलाय.”

आता मी खिडकीत नाही. कागदी पाकिटात, काकांच्या खणात, चष्म्याच्या घराशेजारी राहतो. पाकिटावर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: ‘रिकामी नाही.’ खिडकीत चारच सीड्या उरल्या आणि कबुतरांना त्याचं सुखदुःख नाही.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. कुणाचा चेहरा साफ केलात तर खालचा राहू द्या. वरच्याची तुम्हाला हौस असेल, खालच्याची कुणाला तरी गरज लागेल. आणि तुमचं अडलेलं सुटलं की लगेच दार ओढून निघून जाऊ नका. पुतणी गेली नाही. मास्तर आणि त्यांची लेक फोटो घेऊन गेल्यावर ती पुन्हा कंप्युटरसमोर बसली, सहा वर्षांपूर्वीच्या त्या उत्तराखाली डी ड्राइव्हचं सगळं नीट लिहिलं, एकेक पायरी. कोण वाचणार आहे, मला माहीत नाही. शेवटी थोडा विचार करून तिनं आणखी एक ओळ जोडली, जिचा सॉफ्टवेअरशी काही संबंध नव्हता.

‘डावी होती.’