लोखंडाचा फोरमन

आई शिवणकाम करायची. गल्लीतल्या निम्म्या लोकांची मापं तिला तोंडपाठ होती. समोरच्या घरातल्या फोरमनचीसुद्धा. त्याचा शर्ट बेतताना ती नेहमी म्हणायची, "डावा खांदा दीड इंच खाली. याला कुठली कॉलर सरळ बसणार!"

बाबा कारखान्यात त्याच फोरमनच्या हाताखाली, पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते. माल भराभर निघावा म्हणून त्यानं मशीनची संरक्षक जाळी काढून ठेवली आणि तिसऱ्या दिवशी बाबांचा उजवा पंजा आत गेला. चौकशीत फोरमन म्हणाला, "प्यायलेला होता. जाळी त्यानंच काढली." बाबा आयुष्यात कधी दारूला शिवले नव्हते. पण ऐकतो कोण? हात गेला तो गेलाच, वर नावही गेलं. न्हाव्याकडे बसले तरी शेजारचा जरा सरकून बसायचा. हळूहळू ते घराबाहेर पडेनासे झाले.

आईनं फोरमनचे कपडे शिवणं बंद केलं. त्याला काय फरक पडतो? तो तयार शर्ट घालू लागला.

सात वर्षांनी माझं लग्न ठरत आलं होतं. मुलाच्या आईनं समोरच्या घरी सहज विचारलं. "माणसं बरी आहेत," फोरमन म्हणाला, "बाप पितो एवढंच." लग्न मोडलं. आई रडली नाही, भांडायलाही गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाई मशीनवर कापड टाकलं आणि वेल्डरकाकांच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

काका बाबांच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. फाटकं, खिडक्यांचे गज करायचे आणि उरल्या भंगारातून घोडे, कोंबडे जोडून दुकानासमोर मांडायचे.

"मला माणूस करायला शिकवा," आई म्हणाली.

"लोखंडाचा?"

"लोखंडाचाच. हाडामांसाचे बघून झाले."

"आधी कोंबडा करा, वहिनी."

त्या कोंबड्यानं आईला रडकुंडीला आणलं. वेल्डिंगचा रॉड पत्र्याला चिकटून बसायचा. जरा जास्त थांबलं की पत्र्याला भोक. एकदा डोळ्यांपुढे काच न धरता ती ठिणगीकडे बघत राहिली आणि दोन दिवस ओलं फडकं डोळ्यांवर घेऊन पडली. वाळू भरल्यासारखे डोळे खुपत होते.

"पुरे झालं आता," बाबा म्हणाले.

"डोळे उघडले की जाते," आई म्हणाली.

मग काकांनी सांगितलं, "एकाच बाजूनं जोडत गेलात तर लोखंड तापून वाकडं होतं. आधी चारी बाजूंनी थोडं थोडं धरायचं, मग पक्कं करायचं."

"म्हणजे आधी कच्चा टाका. मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं की!"

तिथून तिचा हात बसला. तीन कोंबडे झाले, आणि चौथ्या खेपेला जे उभं राहिलं ते बघून काकांनी हातातला पाना खाली ठेवला. एक प्रेस मशीन, त्यात हात अडकलेला माणूस आणि मागे दुसरा, काखेत जाळी घेऊन शांत उभा. चेहऱ्याच्या जागी नुसता सपाट पत्रा. पण डावा खांदा दीड इंच खाली.

"हा कोण, ते कळलं मला," काका म्हणाले.

"कळावं म्हणूनच केलाय."

काकांनी त्या जाळीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "जाळी अशी नव्हती. मधे एक आडवी पट्टी होती."

"तुम्हाला काय माहीत?"

"त्याच्या हातात बघितली होती मी. नोकरीच्या भीतीनं बोललो नाही."

आईचा डबा घेऊन मी तिथेच उभी होते. मला वाटलं, आता ती हातोडी फेकते. "पट्टी कापून द्या," एवढंच म्हणाली. "आणि पुढच्या वेळी बोला."

शिल्प आमच्या अंगणात आलं, तोंड बरोब्बर फोरमनच्या खिडकीकडे. खाली नाव नव्हतं. गरजच पडली नाही. दुपारपर्यंत गल्लीभर खांद्याची चर्चा. फोरमननं पडदा लावला. मग कुंपणाची भिंत हातभर वाढवली. आईनं शिल्पाखालचा चौथरा दोन हात वाढवला.

शेवटी तो आला. "वहिनी, नातवंडं विचारतात, आजोबा, ते तुम्ही का?"

"मग काय सांगता?"

"झालं गेलं विसरा ना. काढा ते."

"काय झालं होतं ते आधी सांगा. मला नको. कारखान्याच्या फाटकाशी, पाळी सुटताना, सगळ्यांसमोर."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर दुसरा करते. याला नुसता पत्रा आहे. चेहरा करायला आत्ता शिकतेय."

आठवड्याभरानं फोरमन फाटकाशी उभा राहिला. वेल्डरकाका त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले, तो कुठे शब्द फिरवेल म्हणून. "जाळी मी काढली होती," तो म्हणाला. "तो प्यायलेला नव्हता." आईनं बाबांना नवा शर्ट घालून आणलं होतं. एका म्हाताऱ्या कामगारानं येऊन बाबांचा डावा हात हातात घेतला, तेव्हा बाबांना रडू आवरेना.

घरी आल्यावर ते म्हणाले, "बोलला ना तो. काढून टाक आता."

"सात वर्षं तुम्ही दारुडे होतात. सात वर्षं तो उभा राहील. मग बघू."

"इतका राग बरा नव्हे गं."

"तुम्ही केला नाहीत, म्हणून दोघांच्या वाटचा मला करावा लागतोय."

वर्षाच्या आत फोरमन घर विकून गेला. मला वाटलं, आता तरी आई थांबेल. समोर नवं कुटुंब आलं. त्यांनी भीतभीत विचारलं, हे काय आहे? आईनं त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोरमनच्या नव्या पत्त्यासकट.